ट्रिओचा निधी थांबतोय, आधी काय वाचवायचं?

प्रश्न: मी अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, सल्लागार म्हणून काम करते. आमचा प्रकल्प केंद्र सरकारच्या ट्रिओ योजनेतला. गरीब घरातल्या, आईवडिलांपैकी कोणीच पदवीधर नसलेल्या मुलांना कॉलेजपर्यंत आणायचं आणि तिथे टिकवायचं, हे आमचं काम. पाच वर्षांच्या अनुदानाची मुदत संपायच्या आतच 'पुढील वर्षाचं अनुदान मिळणार नाही' असं पत्र आलं आहे. कॉलेजचं प्रशासन म्हणतं, आम्ही आमच्या पैशातून काही भाग चालू ठेवू, कोणता ते तुम्ही सुचवा. काय ठेवावं, काय सोडावं? शिवाय घरचेच विचारतात, सगळी माहिती नेटवर फुकट आहे, मग सरकारने यावर खर्च कशाला करायचा? त्यांना काय सांगू?

उत्तर: 'काही भाग' असं प्रशासनाने म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारते, कोणाच्या पगाराचा भाग? ट्रिओच्या पैशाचा मोठा वाटा माणसांच्या पगारावर जातो. छापील पत्रकं, बसचं भाडं, टी-शर्ट हे सगळं मिळून थोडंच असतं, पण फोटोत तेच दिसतं. म्हणून कात्री लावताना पगार कापतात आणि फोटोत दिसणारं ठेवतात. तुम्ही नेमकं उलटं सुचवा. पूर्ण वेळ काम करणारा, मुलांना नावानिशी ओळखणारा आणि कोणत्याही एका कॉलेजच्या प्रवेशसंख्येशी बांधलेला नसलेला सल्लागार ठेवा. आणि मे ते सप्टेंबर हे महिने ठेवा. बाकी सगळ्यावर घासाघीस करायला माझी हरकत नाही.

हे का, ते नीट सांगते. मी आधी शाळांमध्ये फिरणाऱ्या टॅलेंट सर्चमध्ये होते, नंतर कॉलेजातल्या स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेसमध्ये, त्यामुळे दोन्ही टोकं पाहिली आहेत.

ज्यांना योजना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या दारिद्र्यविरोधी मोहिमेतल्या १९६४ च्या कायद्यातून शाळकरी मुलांना कॉलेजसाठी तयार करणारं अपवर्ड बाउंड निघालं, १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यातून टॅलेंट सर्च, आणि १९६८ मध्ये आज ज्याला स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेस म्हणतात ते. तीन होते म्हणून ट्रिओ. पुढे माजी सैनिकांसाठी, प्रौढांसाठी, पीएच.डी.कडे जाणाऱ्यांसाठी अशी भर पडत आज आठ कार्यक्रम आहेत. साधारणपणे प्रकल्पातली किमान दोन-तृतीयांश मुलं कमी उत्पन्नाच्या घरातली आणि पहिल्या पिढीतली, म्हणजे आईवडील पदवीधर नसलेली, असावी लागतात. कमी उत्पन्न म्हणजे करपात्र उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीच्या आत. वंश हा निकष नाही. अपलाचियाच्या डोंगरातली गोरी मुलं आणि टेक्सासच्या सीमेवरची स्पॅनिश बोलणारी मुलं एकाच नियमाने आत येतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात यासाठी सुमारे १ अब्ज १९ कोटी डॉलरची तरतूद होती. आकडा डोळ्यांत भरतो, पण केंद्र सरकारच्या खर्चातल्या दर १०,००० डॉलरमागे तो २ डॉलरसुद्धा भरत नाही.

आता घरच्यांचा प्रश्न. माहिती नेटवर आहे हे अगदी खरं. अडचण माहितीपाशी नसतेच, ती पुढच्या पायरीपाशी असते. माझ्याकडे नेहमी येणारं एक प्रकरण सांगते. बारावी झालेली मुलगी, प्रवेश मिळालेला, आर्थिक मदतीचा फॅफ्सा अर्ज भरलेला. जूनमध्ये कॉलेजच्या पोर्टलवर लाल अक्षरांत येतं की तुमची फाइल अपूर्ण आहे. का, तर तिचा अर्ज पडताळणीसाठी निवडला गेलाय आणि आईने त्या वर्षी कर-विवरण भरलेलं नाही. आई लोकांच्या घरी साफसफाई करते, उत्पन्न इतकं कमी की विवरण भरायची कायद्याने गरजच नाही. पण विवरण भरलं नाही याचा दाखला करखात्याकडून आणायचा. त्यासाठी ४५०६-टी नावाचा फॉर्म. त्यावरचा पत्ता करखात्याच्या नोंदीशी जुळला पाहिजे, आणि ज्या बाईने विवरणच भरलं नाही तिचा पत्ता करखात्याकडे असणार कुठून? फॉर्म परत येतो. मुलगी दुसऱ्यांदा पाठवते, तोवर जुलै उजाडतो. मग ती ईमेल उघडणंच बंद करते, कारण उघडली की काहीतरी राहिलंय हेच दिसतं. ऑगस्टमध्ये ती एका गोदामात कामाला लागलेली असते आणि कॉलेजच्या यादीत तिच्या नावापुढे 'आली नाही' एवढंच लिहिलं जातं.

या सगळ्यात न कळण्यासारखं काही नाही. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर पडताळणीचं पान असतं. पण दाखला मिळत नसेल तर आर्थिक मदत कार्यालय सही केलेलं निवेदन स्वीकारू शकतं, हे तिला कोणी सांगायचं? आणि ते निवेदन चालवून घ्या म्हणून त्या कार्यालयात फोन कोणी करायचा? सुशिक्षित घरात हे आई किंवा काका करतात, आणि आपण मदत करतोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. ट्रिओचा पैसा त्या काकाचा पगार आहे, असं मी घरच्यांना सांगते. बहुतेकांना ते पटतं.

आकडे हवे असतील तर तेही आहेत. करसल्ला देणाऱ्या एका मोठ्या साखळीच्या कार्यालयांत, मुख्यतः ओहायोमध्ये, २००८ मध्ये एक प्रयोग झाला. कर भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे तीन गट केले. एकाला फॅफ्सा तिथेच बसून भरून दिला. दुसऱ्याला किती मदत मिळेल याची फक्त माहिती दिली. तिसऱ्याला काहीच नाही. ज्यांचा अर्ज भरून दिला त्यांच्या बारावीतल्या मुलांपैकी पुढच्या तीन वर्षांत दोन वर्षं कॉलेज पूर्ण केलेल्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. फक्त माहिती मिळालेल्या गटात लक्षणीय फरक दिसला नाही. नंतर काही वर्षांनी उलट बाजूने प्रयोग झाला. सुमारे ८ लाख विद्यार्थ्यांना फॅफ्साबद्दल संदेश पाठवले गेले, चांगले लिहिलेले, वेळेवर. परिणाम जवळपास शून्य. तुमचं प्रशासन उद्या चॅटबॉट घेऊन आलं (येणारच) तर हे दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवा.

दुसरं उदाहरण एप्रिलमधलं. कॉलेजांकडून आर्थिक मदतीची पत्रं येतात. एका पत्रात वरून खाली रकमा लिहिलेल्या असतात: पेल अनुदान (गरीब विद्यार्थ्याला केंद्राकडून मिळणारी, परत न करायची रक्कम), कॉलेजची शिष्यवृत्ती, विद्यार्थ्याच्या नावाचं कर्ज, पालकांच्या नावाचं प्लस कर्ज, आणि खाली ठळक अक्षरांत एकूण 'मदत'. २०२५-२६ साठी पेलची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर. बाकीच्या रकमेत मोठा वाटा कर्जाचा असू शकतो, पण बेरीज एकच. वडील म्हणतात, वा, सगळा खर्च निघाला! मी पेन घेऊन परत करायच्या रकमांवर काट मारते, आणि खोली, जेवण, पुस्तकं, प्रवास हे पत्रात आहे का ते बघते. बरेचदा नसतं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०२२ च्या अखेरीस दिलेल्या अहवालात अंदाज मांडला होता की ९१ टक्के कॉलेजं निव्वळ खर्चाचा आकडा देतच नाहीत किंवा कमी दाखवतात. म्हणजे ही एखाद्या लबाड कॉलेजची गोष्ट नाही.

इथेच कॉलेजच्या 'आमच्या पैशातून चालवू' या प्रस्तावाचं खरं दुखणं आहे. जे कॉलेज ते पत्र पाठवतं, त्याच कॉलेजच्या पगारावरचा माणूस त्यावर काट मारेल का?

मे २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने २०२६ च्या अर्थसंकल्पाचा जो प्रस्ताव मांडला, त्यात ट्रिओ आणि गिअर अप (शाळेपासूनच कॉलेजची तयारी करून घेणारी केंद्राची दुसरी योजना) दोन्ही बंद करायचे होते, मिळून सुमारे १ अब्ज ५८ कोटी डॉलर. कारण दिलं ते असं, की गरीब मुलांना कॉलेजचं दार आता पूर्वीसारखं बंद नाही आणि कॉलेजांना त्यांच्यापर्यंत पोचायचंच असेल तर त्यांनी स्वतःचा पैसा वापरावा. यात अर्धं सत्य आहे. कॉलेजं पैसा खर्च करतातच, भरपूर करतात, पण तो विद्यार्थी भरतीवर. भरती अधिकारी वाईट माणूस नसतो, मात्र त्याला विचारलं जातं एवढंच की येत्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे किती आले. आठवीतला मुलगा त्याच्या हिशेबात बसत नाही, तो पाच वर्षांनी येणार. तिशीतली, दोन मुलांची आई बसत नाही, ती अर्धवेळ शिकणार. आणि जिला इथल्यापेक्षा राज्याच्या दुसऱ्या टोकाचं विद्यापीठ स्वस्तात पडेल, ती तर मुळीच बसत नाही.

टॅलेंट सर्चमध्ये असताना आमच्या कार्यालयाची जागा एका कॉलेजने दिलेली होती, आणि आम्ही मुलं पाठवत होतो जिथे त्यांचं भलं होईल तिथे. शेजारच्या कॉलेजात, तांत्रिक शाळेत, एखाद्याला वीजतंत्र्याच्या उमेदवारीला. यजमान कॉलेजचे लोक कधीमधी कुरकुरायचे, पण पगार त्यांच्या खिशातून नव्हता म्हणून त्या कुरकुरीला दात नव्हते. ही मोकळीक फक्त बाहेरच्या पैशावरच मिळते.

आणखी एक गोष्ट त्या युक्तिवादात सोयीस्करपणे राहून जाते. सर्वांत गरीब विद्यार्थी ज्या कॉलेजांत जातात ती कॉलेजंच सर्वांत गरीब: कम्युनिटी कॉलेजं, आदिवासी कॉलेजं, ग्रामीण भागातली छोटी सरकारी विद्यापीठं. गलेलठ्ठ देणगीनिधी असलेल्या विद्यापीठाला स्वतःचा पैसा वापरा म्हणणं एक, आणि तुमच्यासारख्या कॉलेजला म्हणणं दुसरं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून तुमच्या प्रशासनाशी बोलताना रकमेआधी हे ठरवून घ्या की उरलेलं कार्यालय कोणाच्या हाताखाली जाणार. प्रवेश किंवा भरती विभागाखाली गेलं तर वर्षभरात ते भरतीचंच काम करू लागेल, पाटी काहीही असो. विद्यार्थी सेवा किंवा शैक्षणिक विभागाखाली मागा. आणि लेखी घ्या की सल्लागाराचं मूल्यमापन या कॉलेजात किती मुलं आली यावर होणार नाही. मुलं कुठे का होईना दाखल झाली का, आणि आपल्याकडची दुसऱ्या वर्षाला परतली का, यावर व्हावं. या एका कलमावर मी भांडेन, एक पद कमी मिळालं तरी चालेल.

मे ते सप्टेंबर का, तर तेव्हा मुलाला कोणीच वाली नसतो. शाळा सुटलेली असते, शाळेचा समुपदेशक सुटीवर. तसाही तो एकटा किती बघणार? त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थ्यांची आहे, देशाची सरासरी ३७५ ते ३८५ च्या घरात फिरते, आणि त्यात वेळापत्रकं, भांडणं, आत्महत्येचे विचार हे सगळं आलं. कॉलेजच्या लेखी मूल अजून पुरतं आपलं झालेलं नसतं. याच काळात प्रवेश पक्का झालेल्या मुलांपैकी दहातली एक-दोन तरी गळतात, गरीब वस्त्यांत त्याहून बरीच जास्त. घोडं अडतं ते क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर: लसीकरणाचा दाखला, वसतिगृहाची अनामत, ओळखवर्गाची फी, आरोग्य विमा नको असल्याचा अर्ज. यातल्या कितीतरी रकमा मागितलं तर माफ होतात. मागायचं असतं हेच माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी मागायची लाज वाटते. उन्हाळ्यातल्या काही तासांच्या सल्ल्याने, माणशी १००-२०० डॉलर खर्चात, प्रवेशाचं प्रमाण वाढतं असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. प्रशासन 'शैक्षणिक वर्षातले नऊ महिने पद ठेवू' म्हणालं तर ते बारा महिन्यांचं अर्धं पद करून मागा, किंवा नऊ महिने फेब्रुवारी ते ऑक्टोबर असे मागा. मनुष्यबळ विभाग नाकं मुरडेल. मुरडू दे.

सोडायचं काय? मुक्कामाच्या सहली आधी. कॉलेज डोळ्यांनी पाहिलं की नववीतल्या मुलाचे डोळे चमकतात हे मला मान्य आहे, पण एका दिवसात जाऊन येण्याजोगी कॉलेजं दाखवली तरी काम भागतं. वार्षिक समारंभ, भेटवस्तू, कर्मचाऱ्यांच्या परिषदा हे बिनदिक्कत सोडा. शिकवणी कॉलेजच्या शिकवणी केंद्राकडे द्या, फक्त पहिल्या भेटीला मुलाबरोबर कोणीतरी जाईल एवढं बघा. एकटा सोडला तर तो जात नाही. कार्यशाळा बंद करायला मला मुळीच वाईट वाटत नाही. अर्थसाक्षरतेवर तासभर भाषण ऐकून कोणाचं कर्ज कमी झालेलं मी पाहिलं नाही.

तुमच्याकडे अपवर्ड बाउंडही असेल तर त्याची उन्हाळी शाळा अर्धीमुर्धी ठेवू नका. सहा आठवडे कॉलेजात राहून गणित, प्रयोगशाळेतलं विज्ञान, लेखन, परकी भाषा शिकायची, अशी तिची रचना आहे. विद्यार्थ्याला भत्ता मिळतो तो उन्हाळ्यात महिन्याला जास्तीत जास्त ६० डॉलर आणि एरवी ४०. ही मर्यादा कायद्यातच आहे. म्हणजे मूल उन्हाळ्यातली मजुरी सोडून येतं. तीन आठवड्यांत ना अभ्यास धड होत, ना मजुरी सुटल्याची भरपाई. त्यापेक्षा ते पैसे वर्षभराच्या सल्लागाराला द्या. यावर मतभेद होतील. जुने अपवर्ड बाउंडवाले माझ्यावर चिडतील, आणि त्यांचीही बाजू आहे, कारण घरापासून लांब राहायची पहिली सवय त्या सहा आठवड्यांत लागते. पण प्रश्न 'काही भागा'चा आहे.

एक छोटी रक्कम मात्र हट्टाने ठेवा, तातडीच्या मदतीची. कम्युनिटी कॉलेजात सत्र बुडतं ते गाडीचं टायर फुटल्याने, पाळणाघर अचानक बंद पडल्याने, मागच्या सत्राच्या थकबाकीमुळे नोंदणी अडकल्याने. दोनशे डॉलर योग्य आठवड्यात मिळाले तर विद्यार्थी टिकतो, पुढच्या महिन्यात मिळाले तर उपयोग नाही. हा निधी समितीकडे देऊ नका. समिती महिन्यातून एकदा भरते.

'याने खरंच फरक पडतो का' हे प्रशासन विचारेलच, आणि त्यांना खरं तेच सांगा. अपवर्ड बाउंडचं सर्वांत मोठं मूल्यमापन मॅथेमॅटिका या संस्थेने केलं. १९९२ ते १९९४ मध्ये चिठ्ठ्या टाकून निवडलेली मुलं, पुढे बरीच वर्षं पाठपुरावा. एकूण कॉलेजप्रवेशावर सरासरीने लक्षणीय परिणाम आढळला नाही. विरोधक तेव्हापासून हाच निष्कर्ष पुढे करतात. पण त्याच अभ्यासात, ज्या मुलांनी सुरुवातीला पदवीची अपेक्षाच धरलेली नव्हती त्यांच्यात स्पष्ट फरक दिसला होता. शिवाय एकाच प्रकल्पाला एकूण नमुन्यात चौथा हिस्सा भरेल एवढं वजन मिळालं होतं आणि तुलनेच्या गटातल्या बऱ्याच मुलांना अशीच मदत दुसरीकडून मिळालेली होती, यावर नंतर बराच वाद झाला. मी यातून घेतलेला धडा व्यवहारी आहे. जी मुलं आमच्याशिवायही गेली असती त्यांना गोळा करून आपले आकडे सजवायचा मोह प्रत्येक प्रकल्पाला होतो. पैसे कमी झाले की तो वाढतो. अर्ज घेऊन स्वतः दारात येणारी, सर्व कागद वेळेवर आणणारी मुलं घेणं सोपं असतं. तुम्ही मधल्या गुणांची, शिक्षकांच्या लक्षात न येणारी मुलं घ्या. फरक तिथे पडतो.

आता तुमच्या पत्राबद्दल. तीन गोष्टींची लोक गल्लत करतात: प्रस्तावित कपात, संसदेने मंजूर केलेली तरतूद, आणि प्रत्यक्ष प्रकल्पाच्या हातात पडणारं अनुदान. प्रस्ताव अनेक आले. बुश सरकारने २००६ साठी अपवर्ड बाउंड, टॅलेंट सर्च आणि गिअर अप बंद करायचं सुचवलं होतं, २०१७ मध्ये ट्रिओला सुमारे १० टक्के कात्री सुचवली गेली. संसदेने दोन्ही वेळा ऐकलं नाही, कारण योजनेला दोन्ही पक्षांत पाठीराखे आहेत. सिनेटच्या विनियोग समितीच्या अध्यक्ष सुझन कॉलिन्स आणि आयडाहोचे माइक सिम्पसन हे रिपब्लिकन, तर विस्कॉन्सिनच्या डेमोक्रॅट ग्वेन मूर स्वतः या योजनेतून शिकलेल्या. खरी सरसकट कपात झाली ती २०१३ च्या स्वयंचलित खर्चकपातीत, जवळपास ५ टक्के.

२०२५ मध्ये घडलं ते वेगळंच. एकूण तरतूद कागदावर कायम होती, आणि शिक्षण खात्याने शंभराहून अधिक ट्रिओ प्रकल्पांचं पुढच्या वर्षाचं अनुदान थांबवलं, अर्जातला मजकूर सरकारच्या आताच्या धोरणाशी विसंगत आहे असं म्हणत. ते अर्ज आधीच्या सरकारच्या काळात, तेव्हाच्या प्राधान्यांना धरून लिहिलेले. म्हणजे योजना वाचली असं वर्तमानपत्रात छापून येईल आणि तुमचं कार्यालय तरीही बंद असेल. खात्याचा हा तांत्रिक हात नवा नाही. २०१७ मध्ये ओळींमधलं अंतर किंवा तक्त्यातली मांडणी नियमाप्रमाणे नाही म्हणून अपवर्ड बाउंडचे डझनावारी अर्ज न वाचताच फेटाळले गेले होते, आणि खासदारांनी आरडाओरडा केल्यावर पुन्हा वाचावे लागले. म्हणून पत्रात पुनर्विचाराची मुदत दिली असेल तर ती आजच बघा, आणि उत्तर कॉलेजच्या वकिलाकरवी, अधिकृत स्वाक्षरीनेच जाऊ द्या. खासदारांना जरूर लिहा, पण कामाच्या वेळेत, कार्यालयाच्या ईमेलवरून किंवा प्रकल्पाच्या पैशातून नव्हे. केंद्राच्या अनुदानातून लॉबिंग करायला मनाई आहे आणि या घडीला कोणाला आयतं निमित्त द्यायचं नाही. विद्यार्थ्यांची गोष्ट पत्रकाराला सांगायची असेल तर त्या विद्यार्थ्याची लेखी संमती घ्या, आर्थिक तपशील असेल तर दुप्पट काळजीने.

बंद केलेली गोष्ट पुन्हा उभी करायला काय पडतं, हे इंग्लंडने पाहिलं आहे. तिथे एमहायर नावाचा याच धर्तीचा देशव्यापी कार्यक्रम २०११ मध्ये बंद केला, विद्यापीठं स्वतः करतील म्हणून. २०१७ मध्ये सरकारी पैशातून तसंच जाळं नव्या नावाने पुन्हा विणावं लागलं, वर्षाला सुमारे ६ कोटी पौंडांचं. मधल्या काळात अनुभवी माणसं दुसरीकडे गेली, शाळांशी जुळलेले संबंध तुटले. आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या: २०२४-२५ पर्यंत तो निधी २ कोटींवर आला. तुमच्या कॉलेजच्या अध्यक्षांना हे एका परिच्छेदात लिहून द्या. 'दोन वर्षं थांबू, मग बघू' असं त्यांच्या मनात असेल तर त्याची किंमत त्यांना दिसली पाहिजे.

शेवटी कामं, कारण पत्र आलेलं आहे आणि दिवस मोजके आहेत.

आत्ता बारावीत असलेल्या मुलांची अर्ज-शुल्कमाफी आणि परीक्षा-शुल्कमाफी लगेच उरका. कॉमन अॅपमध्ये (अनेक कॉलेजांसाठीचा एकच सामाईक अर्ज) आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेत ट्रिओसारख्या कार्यक्रमात असणं हा माफीचा एक मान्य आधार आहे. प्रकल्प संपल्यावर काही मुलांना मोफत जेवणाच्या किंवा उत्पन्नाच्या आधारावर माफी मिळेलही, पण जी त्या कागदांत नाहीत ती अडकतील. सध्या कॉलेजात असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची एक पानाची नोंद करा: कोणता विषय राहिलाय, मदत कुठे अडकलीय, कोणाशी बोलायचं. ती त्याच्या संमतीने पुढच्या माणसाला द्या. 'विद्यार्थी सेवा विभाग' असं लिहू नका, माणसाचं नाव लिहा, आणि शक्य तर दोघांची ओळख समोरासमोर करून द्या.

अनुदान संपल्यावर साधारण १२० दिवसांत अंतिम अहवाल आणि हिशेब द्यावा लागतो, तोवर तुमचा पगार थांबलेला असेल. तेव्हा तो कोण लिहिणार हे आत्ताच ठरवून घ्या. नोंदी किमान ३ वर्षं जपायच्या असतात, त्या कोणत्या सर्व्हरवर राहणार तेही. ट्रिओच्या स्पर्धेत जुन्या प्रकल्पांना मागच्या कामगिरीचे १५ पर्यंत गुण मिळतात आणि कित्येकदा निकाल त्याहून कमी फरकाने लागतो. ते गुण तुमच्या वाट्याला येतील की नाही हा वकिलांचा विषय, पण नोंदीच नसतील तर वादही घालता येणार नाही.

आणि आयटी विभागाला सांगून ठेवा की तुमचा ईमेल आणि कार्यालयाचा फोन किमान सप्टेंबरअखेरपर्यंत बंद करू नका, दोन्ही त्या पुढच्या माणसाकडे वळवा. मुलं जुन्याच नंबरवर फोन करतात, आणि तोही ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात.